संगणक घरी जोडण्याआधी घराचे अर्थिंग पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राळेगाव तालुक्यातील एका गावात माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. सातबारा, पीक विमा, सीईटीचे अर्ज अशा कामांसाठी येणारी माणसे अलीकडे जाता जाता आणखी एक गोष्ट विचारू लागली आहेत. गेल्या महिन्यात बारावीतल्या एका मुलाचे वडील काउंटरपाशी थांबले, मागच्या दोघांना पुढे जाऊ दिले आणि मग म्हणाले, ‘‘भाऊ, पोरगं म्हन्ते तयार कम्प्युटर नको, सामान आनून घरीच जोडतो. जोडू देऊ काय?’’ मुलाने मोबाइलवर जोडणीचे व्हिडिओ पाहिले होते, भागांची यादी वहीत उतरवली होती आणि बेरीज ४० हजारांच्या आत बसवली होती. वडिलांना मी उभ्या उभ्या जे सांगितले ते अपुरे होते. आपल्या दैनिकाचा अंक आमच्या भागात घरोघरी वाचला जातो, म्हणून तेच उत्तर सविस्तर लिहून पाठवत आहे.

आमच्याकडे ४० हजार रुपये म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे हमीभाव पूर्ण हाती पडला असे धरले तरी हा संगणक पाच क्विंटल कापसाचा झाला, आणि कोरडवाहू शेतात एका एकरात तेवढे पिकले तरी माणूस समाधान मानतो. शहरातल्या हौशी मुलाने एखादा भाग बिघडवला तर तो हळहळतो आणि दुसरा मागवतो. इथे तोच भाग बिघडला तर घरात वर्षभर त्याचा विषय निघतो. नवशिक्याने जोडावे की नाही, याचा विचार ही तफावत लक्षात ठेवूनच करायला हवा.

जोडता येईल का, याबद्दल मला फारशी शंका नाही. ज्या मुलाने शेतातल्या पंपाचा स्टार्टर उघडून पाहिला आहे, त्याला संगणक जोडणे जमते. प्रोसेसर म्हणजे सगळे हिशेब करणारी मुख्य चिप आणि मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर लहानसा त्रिकोण असतो, तसाच त्रिकोण मदरबोर्डच्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेवर, असतो. दोन्ही एकमेकांसमोर आणून प्रोसेसर नुसता ठेवायचा, तो स्वतःच्या वजनाने बसतो. इंटेलच्या एलजीए १७०० आणि एएमडीच्या २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना मदरबोर्डवरच असतात, आणि त्यातली एक जरी बोटाने वाकली तरी वॉरंटी सहसा नाकारली जाते. तेवढ्या अर्ध्या मिनिटापुरता हात थरथरायला नको. रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, पट्टीला असलेली खाच मधोमध नसून थोडी बाजूला असते, त्यामुळे पट्टी उलटी बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी जात नाही. मदरबोर्डवर रॅमसाठी चार जागा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत लावतात. कॅबिनेटच्या आत मदरबोर्डखाली पितळी स्टँडऑफ, म्हणजे त्याला पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट, असतात. मदरबोर्डला जिथे छिद्र नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहून गेला तर तो मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करू शकतो. बाकी सारे पेचकसाचे काम आहे.

माझ्या पुतण्याने काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत संगणक जोडला तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा मात्र काळाच राहिला. रात्रभर आम्ही सगळी तारांची गुंतवळ दोनदा काढून पुन्हा लावली. सकाळी त्याने कॅबिनेट गोधडीत गुंडाळले, एसटीत मांडीवर घेतले आणि नागपूरला नेले. तिथल्या कारागिराने झाकण काढले, प्रोसेसरशेजारच्या कोपऱ्यात आठ पिनांची जी वेगळी वायर लागते ती रिकामी लोंबत असलेली दाखवली, लावली आणि पैसेही घेतले नाहीत. त्या एका मिनिटासाठी आमचा पूर्ण दिवस गेला. शहरातल्या मुलाला असा प्रसंग आला तर तो शेजारच्या गल्लीतल्या मित्राला बोलावतो. आमच्या मुलाला तालुका ओलांडावा लागतो. म्हणून पहिली जोडणी एकट्याने करू नये. जवळ दुसरा, आधी एखादा संगणक जोडलेला माणूस असावा, मग तो नात्यातला असो की दुकानातला. डीडीआर५ रॅमचे संच पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण मदरबोर्ड तेवढ्या वेळात रॅम जुळवून घेत असतो. हे ठाऊक नसलेला मुलगा घाबरून मध्येच बटन दाबतो आणि नसलेला बिघाड शोधत बसतो. शेजारी जाणता माणूस असला तर ‘थांब जरा’ एवढे म्हणणेही पुरते.

खरी अडचण भिंतीतल्या बोर्डापासून सुरू होते, आणि जोडणीचे व्हिडिओ बहुधा तिथवर येतच नाहीत. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव आमच्याकडे पुष्कळांना आहे आणि लोक त्याला ‘थोडा करंट येते’ म्हणून सोडून देतात. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत विजेतल्या नको असलेल्या लहरी अडवण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर घरातल्या विजेच्या दाबाच्या (व्होल्टेजच्या) जवळपास निम्मा दाब राहतो. तो प्रवाह फार थोडा असल्याने माणसाला सहसा झिणझिण्यांपलीकडे जोराचा धक्का बसत नाही, पण त्याच पत्र्याला जोडलेल्या मदरबोर्डला प्रिंटरची किंवा टीव्हीची वायर लावताना ठिणगी पडून पोर्ट, म्हणजे वायर लावायची जागा, जळू शकतो. माझ्या दुकानात एका प्रिंटरचा पोर्ट असाच गेला. त्यानंतर मी अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पुरला. आमची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि पाइपाभोवती पोकळी धरते, त्यामुळे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्या खड्ड्यात मी दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घालणारे घर असेल, तर त्या वडिलांना माझे सांगणे हेच राहील की संगणकाचा विचार नंतर करा, वायरमन आधी बोलवा.

दुसरी गोष्ट दाबाची. गावात सायंकाळी पिठाची गिरणी सुरू झाली की माझ्या दुकानातले मीटर २३० वरून १९०च्या खाली उतरलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागले की आणखी. स्वस्त एसएमपीएस २०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला असतो, चांगला १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो. हे आकडे त्याच्या बाजूच्या पट्टीवर छापलेले असतात आणि दुकानात उभे राहून वाचता येतात. मुलाच्या यादीत प्रोसेसर महागडा आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा होता. मी म्हणेन, प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा आणि वाचलेले पैसे एसएमपीएस आणि यूपीएसमध्ये घालावेत. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अभ्यासाच्या संगणकाला ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, सहसा ३६० वॅटच्या आसपास. तो लाइट गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देतो, रात्रीच्या अभ्यासाला पुरत नाही. मृगाच्या आधी वीज कडाडू लागली की प्लग आणि ब्रॉडबँडची वायर, दोन्ही काढून ठेवावीत.

कूलरचा आणखी एक त्रास आहे. खसाच्या टट्टीचा कूलर खिडकीला आणि त्याच्या थेट झोताखाली संगणकाचे टेबल, ही मांडणी आमच्याकडे सर्रास दिसते, कारण खोलीत गार जागा तेवढीच असते. त्या झोतात पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात, ते आत जाऊन पिनांवर खार धरतात. टेबल झोताच्या बाजूला घ्यावे. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात खोलीच ४४ अंशांची असेल तर प्रोसेसरचा पंखा तरी त्याला किती गार करणार? प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांला पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि घरचे म्हणतात, नवीन संगणक आणला तोही मंद.

आणि कापूस. वेचणीच्या दिवसांत भाव चढेपर्यंत कापूस घरातच, बहुतेक समोरच्या खोलीत, छतापर्यंत भरून ठेवलेला असतो. मागच्या वर्षी दुरुस्तीसाठी आलेला एक संगणक मी उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांना रुईचे तंतू दोऱ्यासारखे गुंडाळले होते आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांवर बोटभर जाडीची पांढरी गादी तयार झाली होती. चिमट्याने ती अख्खी उचलून निघाली. ज्या मुलाने स्वतः जोडणी केली आहे तो असे झाकण दर दोन महिन्यांनी न घाबरता उघडतो आणि मऊ ब्रशने साफ करतो. तयार संच घेतलेल्या घरात ‘सील तुटेल’ या भीतीने कोणी हात लावत नाही. स्वतः जोडण्याच्या बाजूने मला सर्वांत मोठा वाटणारा मुद्दा हाच आहे.

त्याच्या जोडीला सुट्या भागांचा मुद्दा. कॅबिनेट, मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांच्या मापांचा एटीएक्स हा नमुना इंटेलने १९९५ साली आणला, आणि आजही त्या मापाचा एसएमपीएस यवतमाळच्या बाजारातून आणून कोणत्याही एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसतो. कंपन्यांच्या लहान आकाराच्या तयार संचांत मात्र एसएमपीएस अनेकदा त्यांच्याच मापाचा आणि वेगळ्या जोडणीचा असतो. तो जळला की तोच मागवावा लागतो आणि तोवर संगणक पडून राहतो. घरी येऊन दुरुस्ती करून देण्याची हमी तयार संचाबरोबर मिळते, ती मोलाची आहे. आपल्या गावच्या पिनकोडला ती लागू आहे का, हे मात्र पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

माझा स्वतःचा तोटा बिलामुळे झाला. दुकानासाठी पहिला संगणक मी शहरातल्या एका दुकानातून भाग घेऊन जोडला. दुकानदार म्हणाला, पक्के बिल घेतले तर जीएसटी लागेल, कच्च्यावर घ्या, इतके हजार वाचतील. मी वाचवले. आठव्या महिन्यात एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. वही उघडून पाहिली तर माझ्याकडे एका चिठ्ठीवर पेनाने लिहिलेले आकडे होते. ना दुकानाचे नाव, ना भागांचे सिरियल नंबर. दुकानदाराने माल आपला नाही असे सांगितले आणि मला काहीच दाखवता आले नाही. खोकाबंद प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, मदरबोर्डलाही बहुधा तेवढीच, पण ती प्रत्येक भागाची वेगळी असते आणि प्रत्येकासाठी वेगळा कागद लागतो. म्हणून शक्यतो सगळे भाग एकाच दुकानातून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर, सिरियल नंबर लिहून घ्यावेत. वेगवेगळ्या पाच ठिकाणी पाच-पाचशे रुपये वाचवले तर बिघाड झाल्यावर रॅमवाला मदरबोर्डकडे बोट दाखवतो आणि मदरबोर्डवाला एसएमपीएसकडे.

पक्के बिल असलेल्याला कायद्याचा आधार आहे, आणि तो आमच्या भागात फारसा कोणाला ठाऊक नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. माल नागपूरचा असला तरी राळेगावच्या माणसाला यवतमाळला तक्रार देता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. कच्च्या चिठ्ठीवर मात्र खरेदी सिद्ध करणेच अवघड जाते.

यादी तपासताना त्या मुलाच्या वहीत मला दोन चुका दिसल्या, आणि त्या कोणाच्याही हातून होण्यासारख्या आहेत. त्याने निवडलेल्या इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकामागे एफ हे अक्षर होते. एफ म्हणजे त्यात ग्राफिक्स नाही; वेगळे कार्ड घेतले नाही तर पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि यादीत कार्ड नव्हते. दुसरे म्हणजे मदरबोर्ड प्रोसेसरच्या आधी बाजारात आलेला होता. असा मदरबोर्ड लहान शहरातल्या दुकानात बरेच दिवस पडून असेल, तर त्याचे बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी मदरबोर्डमधली मूळ प्रणाली, जुने असते आणि तो नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करून घेतल्याशिवाय तो गावी आणू नये. किंबहुना सगळे सामान घेतल्यावर ते दुकानातल्या टेबलावरच, कॅबिनेटच्या बाहेर, एकदा सुरू करून पाहावे आणि पडदा उजळल्यावरच पैसे द्यावेत. नंतर सुटे करून घरी आणावे आणि मुलाला निवांत जोडू द्यावे.

सध्याच्या बाजाराचाही विचार करावा लागतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरी चिपना मोठी मागणी आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओतली बेरीज आज चालत नाही. ज्यांना थांबता येते त्यांनी रॅमची एकच पट्टी घेऊन दुसरी जागा रिकामी ठेवावी. पुढे भर घालता येणे हा जोडलेल्या संगणकाचा फायदाच आहे. कार्यालयांतून बाहेर पडलेले वापरलेले डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, आणि ज्यांच्याकडे २० हजारांच्या वर पैसे नाहीत त्यांना मी तेच सुचवतो. मात्र विंडोज १० ला कंपनीकडून नेहमीच्या सुधारणा मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे पिढी विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्या घरात लाइटचा काहीच भरवसा नाही आणि मुलगा पुढच्या वर्षी वसतिगृहात जाणार आहे, तिथे लॅपटॉपच योग्य. त्याला स्वतःची बॅटरी असते.

हे सारे असूनही त्या वडिलांना माझे उत्तर ‘जोडू द्या’ असेच आहे. घरात अर्थिंग करून घ्या, यादी दाखवून घ्या, पक्के बिल घ्या, टेबलावर चालवून पाहा, पहिल्या दिवशी जाणता माणूस शेजारी बसवा, आणि मग जोडू द्या. यातले पहिले किंवा तिसरे जमत नसेल तर यंदा जोडू देऊ नका. मुलगा हुशार आहे म्हणून बोर्डातला करंट थांबत नाही आणि चिठ्ठीचे बिल होत नाही.

संपादक महोदय, या निमित्ताने एक मागणी आपल्यामार्फत मांडतो. आमच्या भागातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये वीजतंत्री आणि कोपा (संगणक चालवण्याचा) हे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. एका वर्गातल्या मुलांना अर्थिंग मोजता येते, दुसऱ्या वर्गातल्या मुलांना संगणकाचे भाग ओळखता येतात. बारावीच्या निकालानंतर एक आणि दिवाळीपूर्वी एक, असे दोन रविवार या संस्थांनी आपली कार्यशाळा तालुक्यातल्या पालकांसाठी खुली ठेवावी. वीजतंत्रीच्या विद्यार्थ्यांनी अर्थिंगचा खड्डा कसा भरतात आणि मीटरवर कसा तपासतात ते दाखवावे, कोपाच्या विद्यार्थ्यांनी एक जुना संगणक सुटा करून पुन्हा जोडावा, आणि ज्या मुलांनी यादी करून आणली आहे त्यांच्या याद्या शिक्षकांनी पाहून द्याव्यात. साहित्य संस्थेत आहेच, दिवसही सुट्टीचा आहे. असा रविवार कोणत्याही संस्थेने ठरवला तर माझ्याकडचा जळालेला एसएमपीएस आणि त्याच्यासोबत गेलेला मदरबोर्ड मुलांना उघडून पाहण्यासाठी मी घेऊन येईन. दोन्ही मी अजून जपून ठेवले आहेत.

आपला,
एक वाचक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ